इम्प्लांटभोवतीचं हाड : दात काढण्याआधीपासून पुढच्या वीस वर्षांपर्यंत

"डॉक्टर, हाड नाही म्हणता, मग इतकी वर्षं चावत कशावर होतो?" शिरोळ तालुक्यातले एक काका खुर्चीत टेकल्या टेकल्या मला म्हणाले. प्रश्न रास्त होता. चार वर्षांपूर्वी त्यांची खालची दाढ काढली होती. दुखायचं थांबलं, उसाची तोड सुरू झाली, रिकाम्या जागेकडं पुन्हा कुणी बघितलं नाही. आता इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात, करायचं ठरवून ते कोल्हापूरला आले, तर स्कॅनमध्ये त्या जागी हाडाची रुंदी निघाली साडेतीन मिलिमीटर. दाढेच्या जागी बसवायचा इम्प्लांटच मुळी चार ते पाच मिलिमीटर जाडीचा असतो. फळीला भोक पाडायचं आणि ते फळीपेक्षा मोठं, असा तो हिशेब.

मी हिरड्यांवर आणि दाताभोवतीच्या हाडावर काम करणारी दंतवैद्य आहे. "ग्राफ्ट लागेल", म्हणजे हाडाची भर घालावी लागेल, म्हटलं की काही जण घाबरतात, काहींना तो बिल वाढवायचा प्रकार वाटतो. हा लेख अशा पेशंटसाठी आणि त्यांना घेऊन येणाऱ्या घरच्यांसाठी आहे. क्रमानं सांगते, पण सगळ्या पायऱ्या सारख्या वजनाच्या नाहीत. जिथं लोकांचं नुकसान होताना मी पाहिलंय, तिथं जास्त थांबणार आहे.

हाड जातं कुठं

दाताच्या मुळाला धरून ठेवणारं जे पातळ हाड असतं, ते दातासाठीच जन्मलेलं असतं. मुळापासून हाडापर्यंत बारीक धागे असतात, चावताना त्यांच्यावर ताण येतो आणि त्या ताणावर ते हाड जगतं. दात गेला की त्या हाडाला काम उरत नाही आणि शरीर ते शोषून घेतं. वरच्या पुढच्या दातांत ओठाकडच्या बाजूची हाडाची भिंत पुष्कळदा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, म्हणून तिथला ऱ्हास सगळ्यात आधी दिसतो.

दाढा काढलेल्या जागा वर्षभर मोजत राहिलेल्या एका अभ्यासात सरासरी १२ मिलिमीटरची रुंदी वर्षानं सहाच्या आसपास आली होती, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतली होती. हा आकडा मी प्रत्येक पेशंटला सांगते. खरी पहिली पायरी यातच आहे, आणि ती इम्प्लांटच्या दिवसाच्या कितीतरी आधी येते.

पायरी पहिली : दात काढायच्या आधी एक प्रश्न

ज्या दिवशी दात काढायचा ठरतो, त्या दिवशी डॉक्टरांना विचारा : "पुढं इथं इम्प्लांट करायचा झाला, तर आज काय करून ठेवायला हवं?"

उत्तर तीन प्रकारचं असू शकतं. एक, दात हळुवार काढून खड्डा स्वच्छ करायचा, त्यात हाडाचे दाणे भरायचे आणि वरून झाकायचं. याला सॉकेट प्रिझर्व्हेशन म्हणतात. यानं आकसणं कमी होतं, पूर्ण थांबत नाही. पूर्ण थांबतं असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. दोन, खड्ड्यात पू असेल तर आधी नुसतं साफ करून सहा ते आठ आठवडे हिरडी भरू द्यायची आणि मग पुढचं काम. तीन, चारही भिंती जाड आणि शाबूत असतील तर रक्ताची गुठळी आहे तशी राहू द्यायची.

खालच्या दाढेचा खड्डा चारी बाजूंनी भक्कम असेल आणि पेशंट दोन-तीन महिन्यांत नक्की परत येणार असेल, तर मी बऱ्याचदा काही भरत नाही. वरचा पुढचा दात असेल, बाहेरची भिंत पातळ किंवा फुटकी असेल, तर भरल्याशिवाय सोडत नाही. दात काढण्याची रीतही महत्त्वाची. दाढेची मुळं वेगवेगळी कापून एकेक काढली तर भिंत वाचते. जोर लावून हलवून काढली तर भिंतीचा तुकडा दाताबरोबरच हातात येतो.

हे मी एका चुकीतून शिकले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत तालमीतला एक पोरगा आला. लढतीत समोरच्याचं डोकं लागून वरचा पुढचा दात मुळापासून तडकला होता. मी दात काढला, टाका घातला आणि "दोन महिन्यांनी ये" म्हणाले. तो खासबागच्या कुस्तीच्या तयारीत गुंतला आणि आला सात महिन्यांनी. ओठ उचलून बघितलं तर अंगठ्याचं पेर बसेल एवढा खळगा. मी त्याला मुदत सांगितली होती, मुदतीमागचं कारण सांगितलं नव्हतं. कारण माहीत असतं तर तो आला असता, असं मला आजही वाटतं. त्याचं हाड पुन्हा उभं करायला आठ महिने गेले.

पायरी दुसरी : मिलिमीटरचा हिशेब

नेहमीच्या मोठ्या एक्स-रेत, म्हणजे ओपीजीत, हाडाची उंची कळते, जाडी कळत नाही. जाडीसाठी सीबीसीटी नावाचा स्कॅन लागतो. त्यात जबड्याचे पावाच्या कापांसारखे आडवे काप दिसतात. तुमचा काप डॉक्टरांना पडद्यावर दाखवायला सांगा आणि तीन आकडे लिहून घ्या : रुंदी किती, उंची किती, आणि खाली नस किंवा वर सायनस, म्हणजे नाकाच्या बाजूची हवेची पोकळी, किती दूर.

हे आकडे कशाशी ताडून बघायचे? इम्प्लांटच्या सर्व बाजूंनी निदान दीड ते दोन मिलिमीटर हाड हवं. शेजारच्या दातापासून दीड मिलिमीटर अंतर, दोन इम्प्लांट शेजारी असतील तर त्यांच्यामध्ये तीन. खालच्या जबड्यातल्या नसेच्या वर दोन मिलिमीटर मोकळी जागा. चार मिलिमीटरचा इम्प्लांट म्हणजे सातच्या आसपास रुंदी हवी, हा हिशेब कुणालाही करता येतो. इम्प्लांटच्या बाहेरच्या अंगाला हाड पातळ राहिलं तर ते पहिल्या दिवशी नीट दिसतं आणि वर्षा-दोन वर्षांत विरतं. मग हिरडी खाली सरकते आणि करडा धातू दिसायला लागतो.

आकड्यांइतकाच आकारही बघावा लागतो. विहिरीत माती टाकली तर ती जागेवर राहते, सपाट रानात ढीग घातला तर पसरतो. हाडाचंही तसंच. दोन-तीन भिंती शिल्लक असलेला खड्डा भरणं सोपं. बारीक झालेली कड रुंद करणं जमण्यासारखं, पण जपून. आणि खाली गेलेलं हाड उंचीला वाढवणं हे सगळ्यात अवघड काम आहे, अनुभवी हातांतही ते फसू शकतं. उंची वाढवून द्यायचं आश्वासन कुणी पाच मिनिटांत दिलं, तर दुसरं मत घ्या. आपल्या जिल्ह्यात नवे पारगावला दंत महाविद्यालय आहे, तिथं या विषयाचा स्वतंत्र विभाग असतो.

ग्राफ्ट आणि इम्प्लांट एकाच वेळी होणार की दोनदा, हेही इथंच ठरतं. उरलेल्या हाडात इम्प्लांट घट्ट बसत असेल आणि एका बाजूनं थोडे आटे उघडे राहत असतील, तर दोन्ही एकत्र करता येतं. घट्टच बसणार नसेल तर आधी हाड, मग सहा ते नऊ महिन्यांनी इम्प्लांट. वरच्या दाढांकडं सायनस खाली उतरलेला असेल तर त्याचा पडदा उचलून खाली दाणे भरतात. चार-पाच मिलिमीटरपेक्षा कमी हाड उरलं असेल तर बाजूनं खिडकी करून भरावं लागतं, जास्त असेल तर इम्प्लांटच्याच भोकातून भागतं.

पायरी तिसरी : अंगातली तयारी

साखर असेल तर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, तपासा. सातच्या आत असेल तर उत्तम. आठच्या वर असेल तर मी आधी फिजिशियनकडं पाठवते आणि थांबते. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. त्या थांबवायच्या की नाही हे हृदयाचे डॉक्टर आणि आम्ही बोलून ठरवतो.

हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक इंजेक्शन घेत असाल तर ते आवर्जून सांगा. बऱ्याच आज्या हे सांगत नाहीत, कारण "ती कमरेची गोळी आहे, दाताशी तिचा काय संबंध" असं त्यांना वाटतं. संबंध आहे. काही औषधांमुळं जबड्याच्या हाडाची जखम भरतच नाही आणि हाड उघडं पडतं. इंजेक्शनवाल्यांत, त्यातही कॅन्सरसाठी मोठ्या मात्रेत ते घेणाऱ्यांत, हा धोका जास्त.

आणि तंबाखू. निपाणी आपल्यापासून तासाभरावर, त्यामुळं इथं तंबाखू नाना रूपांत घराघरांत आहे. कागलकडच्या एका मावशींना मी विचारलं, "तंबाखू खाता का?"

"न्हाई ओ, कधीच न्हाई."

"मिशरी?"

"मिशरी लावतो की. ती दात घासायला असती."

"दिवसातनं किती वेळा?"

"सकाळी एकदा, जेवण झाल्यावर, दुपारी डोकं जड झालं तर, आन् रात्री."

मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि ती नेमकी हिरडीवरच चोळली जाते. निकोटिननं तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. नवं हाड रक्ताशिवाय वाढत नाही, त्याला पहिलं रसद-पाणी त्याच वाहिन्यांतून येतं. बिडी, सिगरेट, मावा, तपकीर सगळ्यांना हेच लागू. निदान आठवडाभर आधी आणि दोन महिने नंतर पूर्ण बंद. कायमची सुटली तर सोन्याहून पिवळं. त्या मावशींनी तीन आठवडे आधी सोडली. त्यांच्या सुनेनं घरातली मिशरीची डबी माझ्याकडं आणून दिली, ती अजून माझ्या कपाटात आहे.

उरलेल्या दातांच्या हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी त्यांचा इलाज. दूषित तोंडात ग्राफ्ट भरायचा नसतो.

पायरी चौथी : दाणे कशाचे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे

पेशंट ज्याला "पावडर" म्हणतात ते रव्याएवढे किंवा साबुदाण्याहून बारीक दाणे असतात. मूळ चार प्रकारचं.

स्वतःचं हाड : अक्कलदाढेच्या मागच्या भागातून किंवा हनुवटीतून खरवडून काढलेलं. त्यात जिवंत पेशी असतात, त्यामुळं ते लवकर रुजतं, पण लवकर विरघळतंही. दुसरं माणसाचं, म्हणजे दान केलेल्या हाडावर प्रक्रिया करून बनवलेलं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतकपेढी किरणांनी निर्जंतुक केलेलं असं हाड तयार करते. तिसरं जनावराचं, बहुतेकदा गाईबैलांचं, त्यातलं सगळं सेंद्रिय काढून फक्त खनिजाचा सांगाडा ठेवलेला. बायो-ऑस हे त्यातलं गाजलेलं नाव. हे फार हळू विरतं, कित्येक वर्षं जागा धरून ठेवतं, म्हणून बाहेरचा आकार टिकवायला जगभर तेच जास्त वापरलं जातं. चौथं कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटचं. त्यातलं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट लवकर विरतं, हायड्रॉक्सीअपेटाइट जास्त काळ टिकतं.

हातकणंगले तालुक्यातल्या एका जैन आजींची केस आठवते. सगळं ठरलं, तारीख ठरली, आणि निघता निघता त्यांच्या मुलानं विचारलं, "मॅडम, ही पावडर कशाची?" मी डबी दाखवली, त्यावर लिहिलेलं वाचून दाखवलं. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त हात जोडले आणि मान हलवली. आम्ही बेत बदलला : आजींचंच थोडं हाड, त्यात कृत्रिम दाणे, वरून त्यांच्याच रक्तापासून केलेला पीआरएफचा थर. काम नीट झालं. पण मला लागून राहिलं ते वेगळंच. त्यांनी विचारलं नसतं तर? तेव्हापासून संमतीपत्रावर दाण्यांचं आणि त्यांच्यावर घालायच्या पडद्याचं मूळ मी मराठीत लिहून घेते आणि वाचून दाखवते.

तुम्हीही विचारा. फक्त दाण्यांबद्दल विचारून थांबू नका. कोलेजन नावाच्या प्रथिनाचे विरघळणारे पडदे पुष्कळदा डुकराच्या किंवा गाईबैलाच्या कातडीतून किंवा इतर भागांतून बनवतात. अँटिबायोटिकच्या कॅप्सूलचं टरफलसुद्धा बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातडीपासून केलेलं, असतं, त्याऐवजी गोळी मिळते. धर्मानं, आचारानं किंवा नुसत्या मनानं जे चालत नसेल ते आधी सांगा. पर्याय असतात, फक्त ते ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मागवावे लागतात.

पीआरएफबद्दल दोन शब्द. हाताच्या शिरेतून रक्त घेऊन दहा-बारा मिनिटं यंत्रात फिरवतात. नळीत खाली लाल, वर पाणीदार पिवळं, आणि मध्ये जेलीसारखी गुठळी राहते. ती गुठळी दाबून पातळ पडदा करतात. २००१ मध्ये फ्रान्समधल्या शुक्रून यांनी ही रीत मांडली. हिरडी भरायला ती छान मदत करते. पण कड रुंद करायची असेल तर एकट्या पीआरएफवर विसंबू नये, दाण्यांची जागा तो घेऊ शकत नाही.

पायरी पाचवी : पडदा कशाला

शिरोळच्या त्या काकांना मी मेम्ब्रेन, म्हणजे दाण्यांवर घालायचा पडदा, समजावून सांगत होते आणि त्यांना काही पटेना. शेवटी विचारलं, "काका, टोमॅटोला मल्चिंग पेपर कशाला घालता?"

"तण वर येऊ नये म्हणून. ओल टिकावी म्हणून."

तेच. हिरडीच्या पेशी तणासारख्या झपाट्यानं वाढतात, हाडाच्या पेशी पिकासारख्या सावकाश. मोकळं सोडलं तर हिरडी आधी आत शिरून जागा बळकावते आणि हाडाला वाव उरत नाही. पडदा तिला बाहेर अडवतो आणि आतली गुठळी, दाणे हलू देत नाही. काका लगेच म्हणाले, "आन् पेपर फाटला तर?" पुढचं सगळं त्याच प्रश्नाभोवती आहे.

हा विचार फार जुना नाही. स्वीडनच्या गोटेनबर्ग शहरात ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात पहिले टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. १९८८ मध्ये त्याच शहरातल्या दालिन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या जबड्यात दाखवलं, की हाडातल्या भोकावर पडदा टाकला तर ते हाडानंच भरून येतं, आणि न टाकलेल्या बाजूला तंतुमय मांस भरतं.

पडदे दोन जातींचे. कोलेजनचा आपोआप विरतो, प्रकारानुसार काही आठवड्यांत ते काही महिन्यांत. काढायला पुन्हा ऑपरेशन लागत नाही, आणि थोडा उघडा पडला तरी बहुधा सावरतो. दुसरा न विरणारा, पीटीएफई नावाच्या प्लॅस्टिकचा, कधी आत टायटॅनियमच्या पट्ट्या घातलेला. तो तंबूच्या काठीसारखी जागा धरून ठेवतो, म्हणून उंची वाढवताना त्याची गरज पडते, पण तो नंतर काढावा लागतो आणि मध्येच उघडा पडला तर जंतू आत जातात. नेहमीच्या कामात मी कोलेजन वापरते. जिथं दाणे नुसत्या गालाच्या दाबानं सपाट होतील, तिथंच ताठ पडद्याकडं वळते.

पायरी सहावी : ऑपरेशनचा दिवस

यात तुम्हाला करायचं फारसं काही नसतं, म्हणून थोडक्यात. पोटभर नाश्ता करून या. दाढ काढताना देतात तसंच बधिर करायचं इंजेक्शन. हिरडी उचलल्यावर हाडाच्या टणक पाठीवर बारीक छिद्रं पाडतात, म्हणजे आतलं रक्त वर येतं. दाणे त्याच रक्तात कालवले की ओल्या रव्यासारखे चिकटून राहतात. पडदा डबीतून काढला तेव्हा कार्डासारखा कडक असतो, भिजला की दुधावरच्या सायीसारखा लुळा पडतो आणि हाडाच्या वळणावर बरोबर बसतो. गरज पडली तर त्याला बारीक खिळ्यांनी बांधतात.

सगळ्यात नाजूक काम शेवटी. आत भर पडलीय, त्यामुळं हिरडी पुरत नाही. ती ओढून शिवली तर टाके दोन दिवसांत सुटतात. म्हणून तिच्या आतल्या अस्तराला छेद देऊन ती सैल करतात, इतकी की ताण न देता दोन्ही कडा एकमेकींवर येतील. दुसऱ्या दिवशी गाल सुजतो तो मुख्यतः या छेदामुळं. ही सूज काम बिघडल्याची खूण नाही.

पायरी सातवी : पहिले पंधरा दिवस

आता सूत्रं तुमच्या हातात येतात. माझ्या पाहण्यात जे ग्राफ्ट वाया गेले, त्यातले बरेच या पंधरा दिवसांत गेले.

पहिले चोवीस तास बाहेरून बर्फ, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, तेवढाच वेळ थांबायचं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग उतरते. गालावर, कधी मानेपर्यंत, निळा-पिवळा डाग उतरतो. घाबरू नका. थुंकू नका, स्ट्रॉनं काही ओढू नका. त्या ओढीनं गुठळी सुटते. ओठ वर करून आरशात टाके बघायची इच्छा सगळ्यांना होते. एवढी एक गोष्ट टाळा. ओठाला दिलेला प्रत्येक ताण थेट टाक्यावर येतो.

खायचं काय, हा इथला सगळ्यात मोठा प्रश्न. पहिल्या दिवशी गार किंवा साधं : गुरगुट्या भात ताकात किंवा दह्यात कालवून, गार केलेली नाचणीची आंबील, दूध. दुसऱ्या दिवसापासून मऊ खिचडी, वरणभात, दुसऱ्या बाजूनं. "डॉक्टर, मटण?" हा प्रश्न ठरलेला. मटण नाही, पण अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखट पाणी, चालते, गाळून आणि कोमट करून. अंगाला प्रथिनं लागतातच. तांबडा रस्सा, मिसळ, कडक भाकरी पंधरा दिवस बंद. भडंग, चिरमुरे, तीळ, शेंगदाण्याचं कूट तर महिनाभर नको. तिखटानं आग होते इतकंच, पण चिरमुऱ्याचं एक टरफल टाक्याखाली जाऊन बसलं तर तिथं पू धरतो.

त्या जागी ब्रश नाही, बाकीचे दात मात्र रोज घासायचे. क्लोरहेक्सिडिनचं औषध दिवसातून दोनदा, मिनिटभर तोंडात नुसतं धरायचं आणि मान वाकवून पडू द्यायचं. पेस्ट आणि हे औषध यात अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, नाहीतर पेस्ट त्याचा गुण मारते. दातांवर तपकिरी डाग पडतात, ते नंतर आम्ही साफ करतो. सायनसचं काम झालं असेल तर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, जलनेती बंद, पंचगंगेत किंवा विहिरीत सूर मारणं बंद.

दोन-चार दाणे वाळूसारखे जिभेला लागले तर चिंता नाही. चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, ताप आला, तोंडाला घाण चव आली किंवा हिरडीत पांढरी फट दिसली, तर फोनवर फोटो पाठवून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी या. पडदा उघडा पडला म्हणजे सगळं गेलं असं नसतं. कोलेजनचा असेल तर जागा स्वच्छ ठेवून, जेल लावून, दर आठवड्याला बघून बहुतेक वेळा हिरडी पुन्हा मिळते. न विरणारा असेल तर तो किती काळ ठेवायचा हे त्याच्या जातीवर आणि पू आहे का यावर ठरतं. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात.

पायरी आठवी : वाट बघायचे महिने

महिन्याभरात वरून सगळं बरं दिसतं आणि लोक म्हणतात, "झालं की, बसवा आता." आत मात्र काम नुकतं सुरू झालेलं असतं. स्लॅब टाकला की वरचा थर दुसऱ्या दिवशी कडक लागतो, म्हणून कुणी सेंट्रिंग काढत नाही. दाण्यांच्या फटींतून आधी रक्तवाहिन्या, मग कच्चं हाड, मग पक्कं. खड्डा भरला असेल तर चार ते सहा महिने, कड रुंद केली असेल तर सहा ते नऊ, सायनसचं मोठं काम असेल तरी तेवढेच.

या काळातला छुपा शत्रू म्हणजे काढघालीची कवळी. पुढचा दात नाही म्हणून लग्नकार्यासाठी ती घालायची असते, आणि ती नेमकी ग्राफ्टवर दाबते. रोजच्या दाबानं दाणे सपाट होतात, सहा महिन्यांनी हाती काही लागत नाही. शेजारच्या दातांना चिकटवलेला तात्पुरता दात करून घ्या. कवळीच हवी असेल तर त्या जागी ती आतून पोकळ कोरून घ्या आणि झोपताना काढा.

पायरी नववी : इम्प्लांट आणि वरचा दात

पुन्हा स्कॅन, पुन्हा तेच तीन आकडे. इम्प्लांट बसल्यावर खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्यात चार ते सहा. ग्राफ्ट केलेल्या हाडात मी महिनाभर जास्तच देते. बसवल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इम्प्लांटची पकड थोडी कमी होते, कारण जुनं हाड विरत असतं आणि नवं पूर्ण आलेलं नसतं. त्या काळात त्या बाजूनं चावू नका.

वरच्या दाताबद्दल दोन मागण्या करा. शक्य असेल तर तो सिमेंटनं चिकटवण्याऐवजी स्क्रूनं बसवा. हिरडीखाली राहिलेला सिमेंटचा कण हाड खात राहतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. दुसरी मागणी, ब्रश खालून फिरेल असा आकार. दिसायला गुबगुबीत दात छान वाटतो, पण त्याच्याखाली अन्न कोंडतं. इम्प्लांटभोवती दोनेक मिलिमीटर टणक, न हलणारी हिरडी नसेल, तर टाळूतून छोटा तुकडा घेऊन ती तयार करता येते. घासताना दुखत नाही म्हणून माणूस नीट घासतो, हा त्याचा खरा उपयोग.

दात बसला त्या दिवशीचा एक्स-रे जपून ठेवा. पुढची सगळी मोजणी त्याच्यापासून होते.

पायरी दहावी : पुढची वर्षं

पहिल्या वर्षात इम्प्लांटच्या मानेजवळ मिलिमीटरच्या आसपास हाड कमी होतं, हे अपेक्षित धरलेलं असतं. त्यानंतर वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी. नीट केलेलं आणि नीट सांभाळलेलं ग्राफ्टचं हाड टिकतं. झुरिकमध्ये १२ ते १४ वर्षांनी तपासलेल्या पेशंटांत पडदा-दाणे वापरलेले आणि मूळ हाडात बसवलेले, दोन्ही गटांतले नव्वद टक्क्यांहून जास्त इम्प्लांट जागेवर होते.

पण इम्प्लांटला मुळाभोवतीचे ते धागे नसतात. त्यामुळं दात जसा आधी शिवशिवतो, मग ठणकतो, तसा इम्प्लांट काही सांगत नाही. हाड अर्धं गेलं तरी तो घट्ट आणि गप्प असतो. म्हणून घासताना रक्त येणं हीच पहिली आणि पुष्कळदा एकमेव हाक. पहिल्या वर्षी तीन-तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी दाखवा. वर्षाला एक एक्स-रे. रोज रात्री दोन दातांमधला छोटा ब्रश, तारेवर प्लॅस्टिकचं वेष्टण असलेला. रात्री दात खात असाल तर दातांवर घालायचं कव्हर. आणि उसाचं कांडं त्या दातानं सोलायचं नाही. इथं हे सांगताना मला वाईट वाटतं, पण सोललेल्या गंडेऱ्या खा.

हाड खाली जाऊ लागलंच तर पुन्हा दाणे-पडदा करता येतो, पण कुठंही नाही. इम्प्लांटभोवती खड्डा असेल, भिंती उभ्या असतील, तर पृष्ठभाग पूर्ण साफ करून भरलेलं हाड धरतं. चहूबाजूंनी सपाट खाली गेलं असेल तर भरून उपयोग होत नाही, तिथं स्वच्छता आणि थांबवणं एवढंच साधायचं. लवकर आलात तर पहिला प्रकार, उशिरा आलात तर दुसरा. मिशरी सोडलेल्या त्या मावशी दर सहा महिन्यांनी येतात. खुर्चीत बसायच्या आधी एक्स-रेकडं बोट करून विचारतात, "हाड हाय न्हवं जागेवर?"

शेवटी एक कागदाचं काम. इम्प्लांट, दाणे आणि पडदा या तिन्हींच्या डब्यांवर कंपनीचं नाव, माप आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर असतं, त्याची प्रत मागून फाइलला लावा. दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला आणि तुम्ही मुलाकडं पुण्याला किंवा बेंगळुरूला असाल, तर तिथल्या डॉक्टरांना कोणता पाना लागणार हे त्या स्टिकरवरूनच कळतं. त्याचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा.